वाफसा आणि बगळा

लावी पाखराचं कुणालाच खरं वाटलं नाही. त्या राज्यात पाणी डोळ्यांना दिसलं तरच पूर आला असं धरत. ओसरून गेलेल्या पुराला कुणी विचारत नसे.

नदी चढली ती भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. लावीचं काठावरचं उभं पीक आडवं झालं. राजाची दवंडी आली: ज्याचं रान बुडालं त्याला सरकारी कोठारातून दाणे मिळतील, पण बगळा येऊन पंचनामा करीपर्यंत रानाला कुणी हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. बगळ्याचा पत्ता नव्हता. आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, दोन दिवसांवर थांबत नाही. ओल उडाली की माती दगड होते, मग पेरलेलं मातीतच मरतं. लावीने कुजलेलं काड उपसून बांधाबाहेर टाकलं. घरात खायचे दाणे होते ते सगळे रानात पेरले आणि पाच पिल्लांना सांगितलं, सरकारी दाणे येईपर्यंत कळ काढा.

बगळा नवव्या दिवशी आला. लावीचं रान सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ. तो एका पायावर उभा राहिला, डोळे मिटले आणि 'नुकसान नाही' असं लिहून पुढे गेला.

पुढे टेकाडावर रेड्याचं रान होतं. तिथे पुराचा थेंब चढला नव्हता. पण रेडा आठ दिवस त्यात लोळला होता, मुतला होता, आणि गुडघाभर चिखल झाला होता. बगळ्याने चिखलात चोच बुडवून पाहिली, हळहळला आणि सात पोती मंजूर केली.

लावी तोंडाची फटकळ. तिने विचारलंच, "मामा, तुमच्याकडे पूर नदीतून आला की तुमच्यातून?"

रेडा रवंथ करता करता म्हणाला, "रान साफ कशाला केलंस, बये? नुकसान जपून ठेवावं लागतं."

लावी रोज दरबारात जाऊ लागली. तिथे रोज एकच सवाल. पाणी आलं म्हणतेस, मग गेलं कुठे? पंधराव्या दिवशी ती चिडली आणि होतं ते सांगून टाकलं. जमिनीनेच पिऊन टाकलं. माझ्या रानाखाली बारीक बारीक वाटा कोरलेल्या आहेत, त्यातून झिरपून गेलं. त्या वाटा मी नाही केल्या. जो करतो तो वर्षभर खाली राबतो, म्हणून तर वाफसा लवकर आला.

हे मात्र दरबाराला पटलं. लावीच्या रानात पूर आला होता, असं ठरलं. मग असंही ठरलं, की पंचनाम्याआधी कुणीतरी तो पूर नाहीसा केला, आणि हा गुन्हा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळा दाण्यांचं पोतं घेऊन लावीच्या रानात उतरला. पेरलेलं दोन बोटं वर आलं होतं, पण कणीस धरायला अजून दोन महिने होते. पाचातली दोन पिल्लं आता मान उचलत नव्हती. बगळ्याने पोत्याची गाठ सोडली, पण त्यावर पाय ठेवला.

"आधी गुन्हेगाराचं नाव सांग," तो म्हणाला. चोच त्याने आधीच मातीला टेकवली होती.

लावीच्या पायांखाली माती हळूच हलली, रोज हलायची तशी. तिने खाली पाहिलं नाही. पिल्लांकडे पाहत ती म्हणाली, "गांडूळ."