चिंचेपलीकडची दवंडी

“चिंचेपलीकडं दवंडी? त्यांना कशाला सांगायचं? ती माणसं कुठं कुणाचं ऐकतात!”

एका नगरात एका दवंडीवाल्याच्या घरी नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून होती, तिच्या कानावर हे वाक्य पडलं. खरं तर ते तिच्यासाठी नव्हतं. सासरे ओसरीवर सासूबाईंशी बोलत होते आणि ही दाराआड तांदूळ निवडत बसली होती. पण ज्याचा आवाज चार पेठांत पोचतो, त्याला घरात हळू बोलता येत नाही. या घरातली कुजबुज शेजारी सगळ्यांत आधी ऐकत.

लगेच दुसरं वाक्य आलं, “आपली सून मात्र लाखात एक! बोलतच नाही.”

सून गालातल्या गालात हसली आणि तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. मग तिच्या मनात आलं, यांनी सांगितलंच नाही, तर त्या माणसांनी ऐकायचं तरी काय?

ते नगर होतं पांढरंशुभ्र. प्रत्येक घराला चुना, देवळाला चुना, तटालाही चुना. लांबून पाहिलं की टेकडीवर दही सांडल्यासारखं दिसे. हा चुना यायचा पूर्व दरवाजाजवळच्या भट्टीआळीतून. तिथली माणसं तीन पिढ्यांपूर्वी डोंगरांपलीकडून आली होती. त्यांची बोली वेगळी, देव वेगळे, बायकांची पदराला गाठ मारायची तऱ्हा वेगळी. त्यांनी भाजलेल्या चुन्यानं अख्खं नगर उजळलं, पण नगर त्यांना अजून ‘पलीकडचे’च म्हणे.

ती माणसं आली तेव्हा नगराची वस्ती एका जुन्या चिंचेपाशी संपायची, म्हणून दवंडीचा डफही तिथं थांबायचा. पुढं नगर वाढलं, तटानं भट्ट्यांनाही आत घेतलं. तलावाचे, बाजाराचे, वेशीचे सगळे नियम भट्टीआळीला लागू झाले. डफ मात्र चिंचेशीच थांबत राहिला. दवंडीवाल्याचा आजा तिथून मागं वळायचा, बाप वळायचा, म्हणून हाही वळायचा.

त्या उन्हाळ्यात तलावाचं पाणी झपाट्यानं उतरू लागलं. दवंडी फिरली, “ऐका हो ऐका! सूर्य तटावर येईपर्यंतच पाणी भरावं. नंतर आलेल्याची घागर फोडली जाईल!” दुसऱ्या दिवशी भट्टीआळीच्या बायका नेहमीसारख्या दुपारी आल्या आणि त्यांच्या घागरी फुटल्या. चार दिवसांनी दवंडी फिरली की वेशीजवळच्या कुरणात जनावरं सोडू नयेत. भट्टीआळीची चुना वाहणारी गाढवं नेहमीसारखी तिथं चरत होती, ती सगळी कोंडवाड्यात गेली.

मग एका संध्याकाळी भट्टीआळीच्या पोरांनी तलावावरची पहाऱ्याची चौकी मोडली. दगड आले. त्यातला एक सुनेच्या नवऱ्याला लागला. तो तलावावर पहारेकरी होता. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन घरी आला.

सून हळद लावत होती, सासूबाई कडाकडा बोटं मोडत होत्या. “मेल्यांच्या रक्तातच दंगा आहे!”

नवरा म्हणाला, “मी काय केलं? हुकूम होता म्हणून घागर फोडली. आणि ती बाई उलट मलाच विचारते, कधीपासून?”

सुनेचा हात थांबला. “काय विचारलं?”

“‘कधीपासून?’ म्हणे. बघ ना, किती उर्मट!”

सुनेनं उरलेली हळद लावली. नवऱ्याचं कपाळ दुखत होतं म्हणून तिला वाईट वाटत होतं, आणि त्या बाईनं विचारलेला प्रश्न अगदी सरळ होता म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी नगराचे कारभारी चार पंचांना घेऊन दवंडीवाल्याच्या ओसरीवर आले. गूळपाणी झालं. कारभारी म्हणाले, “आम्ही ठरवलंय. पुनवेला भट्टीआळीकडचा रस्ता भिंत घालून चिणायचा. त्यांनी त्यांच्या दारानं बाहेर जावं, आपण आपल्या. दवंडीवाले, पुनवेच्या सकाळी तुम्ही हे सांगायचं.”

“आणि त्यांचं पाणी?” एका म्हाताऱ्या पंचानं विचारलं.

“डोंगरापलीकडं नदी आहे की!”

आत सुनेनं हिशेब केला, पुनवेला बारा दिवस होते. डोंगरापलीकडची नदी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती. तान्हं मूल कडेवर घेऊन ती वाट कशी चालायची, हे ओसरीवर कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून ती तलावावर पाणी भरायला मुद्दाम उशिरानं, अगदी शेवटच्या घटकेला जाऊ लागली. पहिल्याच दिवशी चिंचेखाली एक उंच बाई भेटली. चुन्यानं तिची बोटं भेगाळलेली होती, हातात रिकामी घागर होती, आणि ती लांबूनच पहाऱ्याकडं बघत होती. सून तिच्याजवळून जाता जाता इतकंच म्हणाली, “सूर्य तटावर यायच्या आत या. नंतर फोडतात.”

बाई थबकली. “तुला कोण म्हणालं मला सांगायला?”

“कुणी नाही.”

“मग का सांगतेस?”

“मला माहीत होतं म्हणून,” सून म्हणाली आणि घागर सावरत निघाली.

दुसऱ्या दिवशी भट्टीआळीच्या बायका तांबडं फुटताच रांगेत उभ्या होत्या. मग सून रोज त्या उंच बाईला नगरातली दवंडी सांगू लागली. आज कुरण बंद आहे. उद्या बाजार दक्षिणेच्या चौकात आहे. दवंडीवाल्याच्या घरातली ही दुसरी दवंडी इतकी हळू चाले की शेजारच्या घागरीलाही कळू नये. दहा दिवसांत एक घागर फुटली नाही, एक गाढव कोंडवाड्यात गेलं नाही, एक दगड आला नाही.

अकराव्या दिवशी कारभारी पंचांसह पुन्हा ओसरीवर आले. मिशा पिळलेल्या, चेहरे खुशीत.

“बघितलंत? चौकीवर दुप्पट लाठ्या ठेवल्या आणि सगळे सुतासारखे सरळ झाले! आता परवा भिंत घातली की कायमची कटकट मिटली.”

सुनेला वाटलं होतं, शांतता झाली की भिंतीचा बेत आपोआप बारगळेल. पण शांततेचं श्रेय लाठ्यांनी आधीच नेलं होतं.

त्या नगरात रीत अशी होती की नव्या सुनेनं मोठ्यांच्या बैठकीत बोलायचं नाही. अगदीच गरज पडली तर सासूच्या कानात सांगायचं, मग सासूनं ते बैठकीत सांगायचं. सुनेनं दाराआडून सासूबाईंचा पदर ओढला आणि कानात सगळं सांगितलं.

सासूबाईंनी डोळे विस्फारले. “अगं बाई! हे मी कशी सांगू?”

“सांगा ना.”

“सूनबाई म्हणतेय,” सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, “की, लाठ्यांमुळं नाही झालं. ती भट्टीआळीच्या एका बाईला रोज दवंडी सांगत होती. म्हणजे, चुकून. सहज. पाणी भरता भरता.”

सुनेनं पुन्हा पदर ओढला. “चुकून नाही म्हणते,” सासूबाई कसंनुसं हसून म्हणाल्या. “मुद्दाम.”

दवंडीवाल्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. “माझ्या घरातून? माझ्या परवानगीशिवाय?”

आतून पुन्हा कुजबुज. “ती म्हणतेय, हुकूम चिंचेपलीकडं रोज जातो, मग दवंडी का नाही जात?”

“चिंचेपलीकडं डफ नेला तर भट्ट्यांच्या झळीनं त्याचं कातडं उलतं!” दवंडीवाला म्हणाला. “माझा बाप सांगायचा!”

यावर आत कुजबुज झाली आणि सासूबाईंना एकदम हसू फुटलं. तोंडाला पदर लावून त्या म्हणाल्या, “ती विचारतेय, मग रोज सकाळी मामंजी डफ माझ्याच चुलीवर का शेकतात? ताणून चांगला वाजावा म्हणूनच ना?”

म्हातारा पंच खो खो हसला. बाकीचेही हसले. कारभाऱ्यांना हसणं भाग पडलं, पण ते हट्टी होते. “ठीक आहे. परीक्षाच घेऊ. उद्या तलावाचा गाळ काढायचा आहे, घरटी एक माणूस. भट्टीआळी आजवर एकदाही आली नाही, पाणी प्यायला मात्र पुढं! दवंडीवाले, आज त्यांनाही सांगा. लाठ्या नकोत, पहारा नको. आले तर भिंत रद्द. नाही आले तर परवा भिंत.”

दवंडीवाला निघाला. चिंचेपाशी त्याचे पाय आपोआप मागं वळायला लागले, तेव्हा त्याला मागं सून दिसली. रिकामी घागर घेऊन ती पाण्याला निघाल्यासारखी उभी होती, पाणी भरायची वेळ कधीच टळून गेली असूनही. तो खाकरला आणि चिंच ओलांडून पुढं गेला.

भट्टीआळीत डफ वाजला मात्र, धडाधड दारं लागली. बायकांनी पोरं आत ओढली. या माणसांनी डफाचा आवाज इतका जवळून कधी ऐकला नव्हता. त्यांना वाटलं, आपल्याला हाकलायला आले. दवंडीवाला गोंधळून उभा राहिला. भट्टीच्या उबेनं डफ असा ताणला होता की थाप मारताच आवाज तटावर जाऊन परत येत होता. असा त्याचा डफ वर्षानुवर्षांत वाजला नव्हता.

“ऐका हो ऐका!” तो ओरडला. “उद्या सकाळी तलावाचा गाळ काढायचा आहे. घरटी एक माणूस, टोपली घेऊन यावं हो!”

एक म्हातारा दार किलकिलं करून बाहेर आला. “आम्ही?”

“हो. तुम्हीच.”

उंच बाईही बाहेर आली. दवंडीवाल्याकडं बघून म्हणाली, “आवाज चांगला आहे की तुमचा! इतकी वर्षं चिंचेकडून नुसती धडधड यायची. शब्द आजच कळले.”

दवंडीवाल्यानं मान खाली घातली. त्याच्या आवाजाची स्तुती नगरात खूप जणांनी केली होती, पण ही त्याला झेपली नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य तटावर यायच्या आत भट्टीआळी तलावावर हजर. घरटी एक सांगितलं होतं, आले घरटी तीन. सुनेचा नवरा एका तरुणाबरोबर टोपल्या उचलत होता. कपाळावरचं टेंगूळ आता पिवळं पडलं होतं. तो दगड याचाच होता का, हे नवऱ्यानं विचारलं नाही आणि त्या तरुणानंही सांगितलं नाही. दुपारपर्यंत दोघं एकाच फडक्यातली भाकरी खात होते.

गाळ निघाल्यावर भट्टीआळीचा म्हातारा पूर्वेच्या पायऱ्यांपाशी वाकला. हातभर लांब भेग होती. तिथूनच पाणी पाझरत होतं.

“ही भेग आम्हाला पाच वर्षांपासून ठाऊक आहे,” तो म्हणाला. “आमच्या बाजूला कायम ओल असते. सांगाल तर आत्ता चुन्यानं भरतो.”

कारभारी बघतच राहिले. “पाच वर्षं? मग सांगितलं का नाही?”

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. “दोनदा आलो होतो चौकीवर. ‘पलीकडच्यांचं इथं काय काम’ म्हणून हाकललं.”

संध्याकाळपर्यंत भेग बुजली. त्या उन्हाळ्यात तलाव पुन्हा तसा उतरला नाही, आणि भिंतीसाठी आणलेले दगड तलावाच्या नव्या पायऱ्यांना लागले.

कारभाऱ्यांनी तिथंच सगळ्यांसमोर मोठ्या मनानं जाहीर केलं, “आजपासून दवंडी भट्टीआळीतही जाईल. आता तर झालं समाधान?” सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी कौतुकानं सुनेकडं पाहिलं, आणि तिला काही सांगायचं असेल म्हणून सवयीनं कान पुढं केला.

सुनेनं त्यांचा पदर हलकेच बाजूला केला. सासरे, कारभारी, पंच सगळे समोर होते. आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्यानं बोलली, “मामंजी, दवंडी देऊन लगेच परत फिरू नका. थोडं बसा, त्यांचंही ऐकून या. त्यांच्याकडं डफ नव्हता, म्हणून त्यांनी दगड उचलला होता.”

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपले नियम ज्यांच्या दारापर्यंत जातात, त्यांच्या दारापर्यंत आपला शब्द जायला हवा आणि त्यांचा शब्द आपल्या दारापर्यंत यायला हवा. शब्दांची ये-जा थांबली, की त्या वाटेवर दगडांची सुरू होते.