गालातले चणे

त्या राज्यात परक्या शहराच्या वेशीसमोर टेकडीवरच्या प्राण्यांची कायम रांग असे, आणि रांगेतल्या प्रत्येकाचे गाल फुगलेले असत.

रीतच तशी होती. वेशीवर तीन शहरवासी एकेक करून समोर येत. छातीवर नावाची पट्टी असे. नाव वाचून त्याचं काम काय ते सांगायचं. तिन्ही बरोबर आली की प्रवेश. शहराची वस्ती हजारोंची, म्हणून टेकडीवरच्यांनी वाडवडिलांपासून एक युक्ती चालवली होती. एक नाव पाठ झालं की एक चणा गालात ठेवायचा. चावायचा मात्र नाही, कारण चणा चावला की नाव गेलं. उत्तर द्यायला तोंड उघडावं लागतं, हे काही या शहाण्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

टिवली नावाची खार दोनदा तिथेच आपटली होती. दोन्ही वेळा तिनं तोंड उघडलं, चणे घरंगळत गेले आणि नावं त्यांच्यामागे पळाली. तिसऱ्यांदा चुकलं की वेस जन्मभरासाठी बंद. तिला टेकडीची दुभाषी व्हायचं होतं, आणि ते शिक्षण वेशीच्या आतच मिळे. शहराची पत्रं यायची, पण ती धड कुणालाच लागत नसत. मागच्या साली आलेलं मेजवानीचं आमंत्रण जप्तीची नोटीस समजून अख्खी टेकडी आठ दिवस बिळात बसली होती. टिवलीला त्याची अजून लाज वाटे.

दुसऱ्यांदा आपटल्यावर ती वेशीबाहेर रडत बसली, तेव्हा पायाशी कुणीतरी चुकचुकलं. ती भुईमावशी होती. ही म्हातारी चिचुंदरी अधू डोळ्यांची होती आणि जन्मभर वेशीच्या पायथ्याशी राहिली होती.

"अगं, एवढे चणे कोंबलेस तर बोलशील कशानं?" मावशी म्हणाली. "मला तोंडं दिसत नाहीत, बाई. मी पाय ओळखते. हजार माणसं दिसतात तुम्हाला, घराणी मूठभर आहेत. कुठल्याशा जुन्या, बुडालेल्या राज्यातून आलेली."

मग तिनं टिवलीला जमिनीवर आडवं पाडून वेशीतून ये-जा करणाऱ्या शहरवाशांचे पाय दाखवले. पोर्ट घराणं वाहून नेणारं. स्पेक्ट बघणारं. जेक्ट फेकणारं. डिक्ट बोलणारं. "आता वर बघ. टोपी दिसली? टोपी सांगते कुठल्या दिशेनं. इन म्हणजे आत, एक्स म्हणजे बाहेर, रि म्हणजे मागं, ट्रान्स म्हणजे पलीकडे, प्रि म्हणजे आधी."

टिवलीनं पायांकडून टोपीकडे पाहिलं आणि तिच्या अंगावर शहारा आला. एक्सपोर्ट, म्हणजे बाहेर वाहून नेणारा. रिजेक्ट, मागं फेकून देणारा. इन्जेक्शन गेलं, आत फेकणारं, आणि ती हसता हसता कोलमडली. दिवसभर ती वेशीसमोर लोळत होती, ओळखपाळख नसलेल्यांची कामं सांगत होती आणि शेपटी आपटत होती. रांगेतल्यांना वाटलं, पोरीला वेड लागलं. त्यांना तसं बोलूनही दाखवता आलं नाही, कारण तोंडं भरलेली होती.

तिसऱ्या खेपेला टिवली चक्क सपाट गालांनी आली. द्वारपाल म्हातारा वानर होता. त्याचे टम्म गाल हा टेकडीवर अधिकाराचा रुबाब समजला जाई. तो कधी बोलत नसे, नुसता हुंकार देई. तिचे रिकामे गाल पाहून त्यानं कीव केल्यासारखी मान हलवली.

पहिला आला ट्रान्सपोर्ट. "पलीकडे वाहून नेतो," टिवली म्हणाली. वानरानं गालात जीभ फिरवून त्या नावाचा चणा चाचपला आणि हुंकार दिला. दुसरा प्रिडिक्ट. "घडायच्या आधीच सांगून मोकळा होतो." पुन्हा जीभ, पुन्हा हुंकार.

तिसऱ्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. कित्येक वर्षांनी तो त्याच सकाळी गावाहून परतला होता. पट्टीवर नाव होतं, सर्कमस्पेक्ट. टिवलीनं पट्टी पुन्हा वाचली. ही टोपी मावशीनं दाखवलीच नव्हती. तिला टेकडी आठवली, ते बिळातले आठ दिवस आठवले. मग तिनं खाली पाहिलं. पाय स्पेक्टांचेच. वर पाहिलं. टोपीला सगळीकडून गोल काठ.

"हे चौफेर बघून मगच पाऊल टाकतात," ती म्हणाली. "फार जपून असतात."

सर्कमस्पेक्टनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मागं पाहिलं, आणि मगच मान डोलावली.

वानराची जीभ एका गालातून दुसऱ्या गालात गेली, परत आली, पुन्हा गेली. रांग श्वास रोखून बघत होती. शेवटी त्याला राहवेना.

"असा कुणी नाहीच," तो म्हणाला.

आणि त्याच्या तोंडातून चणे सांडले. मूठभर, मग पसाभर, मग पायरीवरून टपटपत सगळ्या वेशीभर. दोन्ही हातांनी तो ते गोळा करू लागला. त्याचे गाल आता खारीएवढेच सपाट होते.

टिवलीच्या पायाशी एक चणा घरंगळत आला. तिनं तो उचलला, सोलला, कुरुम कुरुम चावून खाल्ला आणि वेशीतून आत गेली.