रिकाम्या खणाची पट्टी

जिच्यातली यंत्रं केव्हाच भंगारात गेली, इतकी जुनी ही गोष्ट. संगणकाच्या एका लोखंडी कपाटात हार्ड डिस्क दिवसभर गरगर फिरायच्या आणि मागचा पंखा त्यांच्या अंगावरून गार वारा ओढायचा. मधल्या रिकाम्या खणाच्या तोंडावर पत्र्याची पट्टी होती. ती शेजारच्या डिस्कच्या डोळ्यांत खुपायची.

"आम्ही राबराब राबतो आणि ही बया नुसती बसून वारा खाते. ही गेली, तर तिच्या वाटचा वारा मला मिळेल."

रोजच्या टोमण्यांना कंटाळून पट्टी स्क्रू सैल करून खाली उतरली. मग सगळा वारा त्या मोकळ्या खणातूनच निघून जाऊ लागला. डिस्क तापली, अडखळू लागली.

देखभालीला आलेल्या वैजयंतीबाईंनी पट्टी पुन्हा जागेवर बसवली.

"तू करतेस तरी काय गं?" निवलेल्या डिस्कने हळूच विचारलं.

"काही नाही," पट्टी म्हणाली. "नुसती बसते."