अंजिराक्काचा बिल्ल्यांचा चौरंग

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. फार म्हणजे किती, ते मला विचारू नका. गोटीसोडा नुकताच मागे पडला होता आणि पत्र्याच्या बिल्ल्याच्या, म्हणजे दातेरी झाकणाच्या, बाटल्या नव्यानं दुकानांत आल्या होत्या, एवढं सांगितलं की जाणत्यांना कळेल आणि बाकीच्यांनी मान डोलावली तरी चालेल.

तर त्या काळी कडजाईच्या घाटाच्या पायथ्याला, गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं, एक फाटा होता. चहाच्या दोन टपऱ्या, एक पंक्चरवाला, ट्रक रंगवणारा दस्तगीर पेंटर, आणि चिंचेच्या झाडाखाली अंजिराक्काचं थंड्याचं दुकान. एवढाच फाटा. कुणी घाटावरून आलेलं, कुणी कोकणातून. कुणाला वीतभर शेत नाही.

आणि अंजिराक्का म्हणजे काय बाई होती! आडवा बांधा, खणखणीत आवाज, आणि हातात कायम बाटल्या फोडायचा ओपनर. घाट उतरणारी गाडी दिसली की ती तो ओपनर ओळीनं मांडलेल्या बाटल्यांवरून असा काही फिरवायची, टर्रर्र टिंग! तो आवाज घाटाच्या तिसऱ्या वळणावर ऐकू जायचा आणि ड्रायव्हरच्या घशाला तिथंच कोरड पडायची. ड्रायव्हर पुढं जायचं म्हणाला तरी गाडीच चिंचेखाली येऊन थांबायची, असं म्हणतात.

बाटली फुटली की बिल्ला उडायचा आणि खाली पडायचा. दुसऱ्या कुणी तो झाडून टाकला असता. पण काही टाकायचं म्हटलं की अक्काच्या जिवावर यायचं. ती नजरेला पडतील तेवढे चांगले बिल्ले वेचायची, खिळ्यानं भोक पाडायची आणि सायकलच्या जुन्या तारेत ओवायची. आधी तिनं दाराला पडदा केला. घाटावरून वारा उतरला की तो पडदा असा वाजायचा की आत पाहुणे आलेत असं वाटावं. मग आरशाला चौकट केली. मग बाटल्यांचं मोडकं लाकडी खोकं घेतलं, त्याला पाय ठोकले आणि बाज विणतात तशा बिल्ल्यांच्या माळा आडव्याउभ्या विणून स्टूल बनवलं. पहिल्या स्टुलाला दातेरी बाजू वर राहिली. त्यावर बसलेला ड्रायव्हर बसण्याआधीच उठला आणि थेट कोल्हापूरपर्यंत उभ्यानं गाडी चालवत गेला, असं म्हणतात. मी म्हणत नाही, फाट्यावर म्हणतात. पुढं तिनं गुळगुळीत बाजू वर घेतली आणि बघता बघता स्टुलं झाली, बाक झाला, टेबल झालं, दिव्याला टोपी झाली. लाल, पिवळं, हिरवं, सगळं दुकान झळकायला लागलं.

आता कडजाई देवीची रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या रीतीवर उभी आहे. चैत्रात देवीची पालखी वाडीवाडीनं फिरते. ज्या वाडीनं आपल्या मातीतून निघालेल्या वस्तूचं आसन केलं असेल, तिथंच पालखी बसते. माळवाडीचं आसन उसाच्या कांड्यांचं, बुरुडवाडीचं बांबूचं, कुंभारवाड्याचं भाजल्या मातीचं. पालखी बसली की त्या वाडीतल्या बायका आपल्या दारात देवीची ओटी भरतात. आणि जिथं पालखी बसत नाही, ती वाडीच नव्हे. फाट्याला आसन कुठून असणार? पंक्चरवाल्याच्या अंगणात काय ट्यूब उगवणार? म्हणून पालखी फाट्यावरून घाईघाईनं निघून जायची. ढोलसुद्धा तेवढ्या टप्प्यात थांबायचे. फाट्याच्या बायका ओटीचं ताट घेऊन माळवाडीला जायच्या आणि रांगेत शेवटी उभ्या राहायच्या.

एका चैत्रात अंजिराक्का अशीच रांगेत उभी होती. ताटात नवा खण, नारळ, तांदूळ. रांग सरकायला लागली की पुढून कुणीतरी म्हणायचं, "फाट्याच्या बायांनी कडंला व्हा गं, आधी गावच्या." ती कडेला व्हायची. ऊन डोक्यावर आलं. शेवटी तिची पाळी आली आणि पालखी उठली! अक्का ताट पुढं करून उभीच राहिली. पालखीच्या मागं धूळ तेवढी होती.

तिला इतकं लागलं, इतकं लागलं की डोळ्यांतून पाणीसुद्धा येईना. तशीच अनवाणी फाट्यावर आली, आणि चिंचेखाली तिच्या टाचेत काहीतरी कच्चकन रुतलं. बघते तर जमिनीत गाडलेल्या बिल्ल्याची कड. आधीच डोकं फिरलेलं! खुरपं घेऊन ती तो बिल्ला उपटायला बसली. तो निघाला, तर खाली दुसरा. त्याखाली तिसरा. तिनं खुरपं कोपरापर्यंत घातलं तरी बिल्लेच! बिल्ल्याच्या बाटल्या आल्यापासून जेवढे तिच्या नजरेतून सुटले होते, तेवढे सगळे चाकांखाली आणि पायांखाली दबून मातीत मुरले होते. भुईमुगाचा वेल उपटावा तशी माती बिल्ल्यांनी लगडून वर येत होती.

अंजिराक्का उठली आणि असा आवाज दिला की टपरीतलं दूध उतू गेलं. "दस्तगीर! आरं पळत ये! आपलं पीक सापडलं!"

त्याच पावली ती देवळात गेली. पालखी फिरवून परतलेले मानकरी सर्जेराव ओट्यावर बसले होते. माणूस कडक, पण खोटा नव्हे.

"मानकरी, पुढल्या चैताला फाट्याचं आसन तयार असंल. बिल्ल्यांचा चौरंग करणार हाय म्या."

"बिल्लं?" सर्जेराव हसले. "अक्का, बिल्लं कुटं उगवत्यात व्हय?"

"आमच्यात उगवत्यात."

"आन् पालखी न्हाय बसली तर?"

अक्कानं कमरेचा ओपनर काढला आणि ओट्यावर ठेवला. "तर ह्या फाट्यावर पुन्हा बाटली फोडणार न्हाय. बिऱ्हाड उचलून जाईन." देवळातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सर्जेरावांनी तो ओपनर उचलून तिच्या हातात परत दिला, पण बोल मात्र ठेवून घेतला.

मग काय सांगू, फाट्यावर जी धांदल उडाली! अक्का खणायची, पंक्चरवाला तारा द्यायचा, टपरीवाल्यांनी चौकटीसाठी खोक्यांच्या फळ्या तासल्या. येणारा जाणारा ड्रायव्हर खाली उतरून चार बिल्ले उकरूनच पुढं जायचा. चैत्र तोंडावर आला तेव्हा चौरंगाला पुरतील एवढे बिल्ले टोपल्यांत साठले होते. देवीचं आसन म्हणजे लखलखीत हवं. अक्कानं काय करावं? चिंच हाताशीच होती. तिनं चिंच कोळली, राख घेतली आणि देव्हाऱ्यातली भांडी घासावीत तसे सगळे बिल्ले घासून काढले, धुतले, टोपल्यांत निथळत ठेवले. संध्याकाळी ते चांदीसारखे चमकत होते. फाटा नुसता बघत राहिला.

सकाळी उठून बघते, तर टोपल्याच्या टोपल्या लालभडक. बिल्ला न् बिल्ला गंजला होता!

दस्तगीरनं कपाळावर हात मारून घेतला. "अक्का, आगं पितळ हाय व्हय हे? लोखंडाचा पत्रा हाय. वरचा लेप घासून काढलास, वर रातभर ओला ठेवलास. त्याला सर्दी व्हनार न्हाय तर काय!"

अक्का मटकन खाली बसली. वर्षाची मेहनत गंजाला गेली होती आणि पालखी उंबऱ्यावर आली होती. ही बातमी घाटावर आणि घाटाखाली कशी पोचली देव जाणे, पण दुपारपासून गाड्या थांबायला लागल्या. सांगलीचा ड्रायव्हर पोतं टाकून गेला. चिपळूणचा कंडक्टर पिशवी ठेवून गेला. प्रत्येकात कोरे करकरीत बिल्ले! टपरीवाले म्हणाले, "झालं, अक्का! घे की हेच. कोण विचारतंय?"

अक्का उठली. पोत्यात हात घालून तिनं ते बिल्ले ओंजळीत घेतले. फार सुंदर होते. मग तिनं ते परत पोत्यात सोडले. "ह्येंची तोरणं करू. त्यांनी जीव लावून आणल्यात. चौरंगाला आपल्याच मातीचा बिल्ला पायजे. उठा, खणा!"

आणि सगळा फाटा खणायला लागला! चुली विझल्या, चहा बंद, पंक्चर झालेल्या गाड्यांचे ड्रायव्हर चाक सोडून खोरं धरायला लागले. या वेळी बिल्ल्याला पाण्याचा थेंब लावू दिला नाही. कोरड्या राखेनं पुसायचा आणि दस्तगीरनं तापवलेलं जवसाचं तेल पाजायचं. अक्का गुडघ्यावर बसून विणत होती, बोटांना चिरा पडत होत्या आणि ती मोठमोठ्यानं ओव्या म्हणत होती. जमिनीनं त्या दिवसांत मागितले तेवढे बिल्ले दिले, एकही कमी दिला नाही, असं म्हणतात.

पालखीचा दिवस उजाडला. चिंचेपासून टपरीपर्यंत रस्त्यावर तोरणंच तोरणं. खाली चौरंग. चारी पायांत बिल्ल्यांच्या चळती, वर बाजेसारखी घट्ट वीण, मुरलेल्या लाल-हिरव्या रंगांवर तेलाची झाक. फाट्याची शीव आली तसे ढोल सवयीनं थांबले. अक्का रस्त्यात आडवी उभी राहिली.

सर्जेराव पालखीचा पुढचा दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन पुढं आले. चौरंगाभोवती फिरले. मग मान वर करून तोरणांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अक्का, चौरंग देखणा झालाय. खोटं कशाला बोलू? पर पोती भरून बिल्लं आली, हे समद्या घाटानं बघितलंय. तोरणं सांगत्यातच. ह्यो माल परमुलखाचा. देवीला कसा बसवू?"

ज्यांनी पोती आणली होती ते ड्रायव्हर खाली बघायला लागले. अक्का वाद घालत बसली नाही. तिनं पंक्चरवाल्याची पहार उचलली आणि सर्जेरावांच्या हातात दिली. "तुमीच खणा, मानकरी. वाटंल तितं खणा."

सर्जेरावांनी मुद्दाम चिंचेपासून लांबची जागा धरली. पहार घातली. खण्णकन आवाज आला आणि बिल्ले वर आले. ते आणखी लांब गेले, टपरीच्या मागं. बिल्ले! रस्त्यापलीकडं, जिथं कधी दुकानच नव्हतं म्हणतात, तिथंही बिल्ले! सर्जेरावांना घाम फुटला, पण हात थांबेना. शेवटी ते परत चिंचेपाशी आले आणि तिथं खोल, खूप खोल गेले. बिल्ल्यांचा थर संपला आणि खालून काहीतरी हिरवं चकाकलं. काचेच्या गोट्या! गोटीसोड्याच्या गोट्या. कधी पडलेल्या, कुणाच्या हातच्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलांनी ओरडून आभाळ डोक्यावर घेतलं.

सर्जेरावांनी एक गोटी तळहातावर घेतली. "माझ्या लहानपणी आजा मला हितं सोडा पाजायचा," ते हळूच म्हणाले. "म्या ईसरलो व्हतो."

तेवढ्यात मागून भोई ओरडले, "मानकरी, जड झाली! पालखी जड झाली! पाऊल उचलंना!"

देवीला जिथं थांबायचं असतं तिथंच पालखी जड होते, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. "मग बघता काय!" सर्जेराव गरजले. "बसवा! वाजवा रे!" पालखी चौरंगावर टेकली, सगळे बिल्ले एकदम छमछमले, आणि फाट्यावर पहिल्यांदा ढोल वाजला. अक्कानं दारातून ताट आणलं. ताटात गेल्या वर्षीचाच खण होता आणि गेल्या वर्षीचाच नारळ. वाळून आत खुळखुळणारा. तिनं त्याच नारळानं ओटी भरली आणि मग मात्र चांगली मोकळी होऊन रडली.

पुढं ती पुष्कळ जगली. तिच्या हाताखाली फाट्याचं घर न् घर बिल्ल्यांचं सामान विणायला शिकलं. एका दुपारी, झाडाचं पान हलत नसताना, फाट्यावरच्या सगळ्या दारांचे पडदे एकदम वाजले, असं म्हणतात. लोक धावत आले, तर अक्का आपल्या स्टुलावर बसलेली, ओपनर मांडीवर, मान चिंचेला टेकलेली. गेली होती.

आज त्या फाट्याला अंजिरावाडी म्हणतात. थंडा आता प्लॅस्टिकच्या बाटलीत येतो, फिरकीचं झाकण असतं. पण चैत्रात काचेच्या बाटल्यांची खोकी मुद्दाम मागवतात. वर्षभरात वाडीत आलेली नवी सून पहिली बाटली फोडते, बिल्ला खाली टाकते आणि टाचेनं मातीत दाबते. त्याला तिथं पेरणी म्हणतात. आणि जुन्या पेरणीतले बिल्ले खणून दर वर्षी चौरंगाची एक तरी ओळ नव्यानं विणतात.

पालखी बसली की ओटीची रांग लागते. तिथं आधी परगावच्या बायका, वाटसरू बायका, गाडीतून उतरलेल्या अनोळखी बायका. वाडीच्या बायका आपणहून शेवटी. आणि पालखी उचलण्याआधी मानकरी चिंचेकडे तोंड करून मोठ्यानं विचारतो, "अक्का, कुणी राहिलं का?" कुणी मागं राहिली असेल तर तिला पुढं बोलावतात. रांगेतल्या शेवटच्या बाईची ओटी भरून झाली की चिंचेखालच्या दुकानातून कुणीतरी अक्काच्या वतीनं बाटल्यांवरून ओपनर फिरवतं, टर्रर्र टिंग, आणि मगच पालखी उठते.