कराराला अंगठा

प्रवरेकाठच्या बाभूळखेड्यात ख्रिस्ती साधू शांतवनमहाराजांचा मुक्काम होता. त्या सकाळी ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण, होते, आणि घायपाताचे दोर वळणाऱ्या तान्हाबाईला भाकरी आणि द्राक्षरसाच्या त्या पंक्तीत पहिल्यांदाच बसायचे होते. वर्षभर तिने या एका घोटाची वाट पाहिली होती.

बाई मोठी चौकस. 'नवा करार' हा शब्द कानावर पडल्यापासून तिला चैन नव्हते. करार म्हटला की अंगठा आलाच! म्हणून ती घरूनच अंगठ्याला शाई फासून आली आणि म्हणाली, "मास्तर, कुठं उठवू?"

गमलिएल मास्तर देवळाचे कारभारी. अख्खे शास्त्र तोंडपाठ आणि तोराही तेवढाच. त्यांनी हसत हसत वही पुढे केली. दोर वळून वळून तान्हाबाईच्या बोटांच्या रेघा कधीच झिजल्या होत्या. कागदावर नुसता काळा डाग पडला.

"वाचता येईना, अंगठाही उठेना! देवानं तुला ओळखायचं कसं गं? जा, बाहेर बस!"

मंडळी खो खो हसली. तान्हाबाई दाराबाहेर जाऊन बसली. पण मनातला प्रश्न तिला गप्प बसू देईना. दारातूनच तिने विचारले, "म्हाराज, ह्यो करार लिवलाय तरी कशावर?"

महाराजांचा चेहरा उजळला. "मास्तर, यिर्मया संदेष्ट्याचं नव्या करारावरचं वचन वाचा बरं."

मास्तरांनी पुस्तक उघडले, आणि काय आश्चर्य! पानावर एक अक्षर दिसेना. त्यांनी चष्मा पुसला, पाने उलटली, सगळी कोरी. पाठ असलेले वचनही आठवेना.

महाराज म्हणाले, "बाई, तूच सांग."

"मला काय ठावं?" म्हणता म्हणता तिचा हात छातीवर गेला, आणि आजवर कोणी न शिकवलेले तिच्या मुखातून येऊ लागले. मिसर देशाच्या गुलामीतून सोडवलेल्या वाडवडिलांनी देवाशी केलेला पहिला करार मोडला. पण आता देव आपला नियम माणसांच्या काळजावर लिहील, लहानथोर सगळे त्याला ओळखतील, आणि तो त्यांची पापे पुन्हा आठवणार नाही. ती बोलेल तसतशी मास्तरांच्या पानावर अक्षरे उमटत गेली. तेच वचन!

तरी बाईची जिज्ञासा सरेना. "मग म्हाराज, ह्याच्यावर सही कुणाची?"

महाराजांनी प्याला उचलला. "क्रुसावर जाण्याआधी शेवटच्या भोजनाला प्रभूनं प्याला घेऊन सांगितलं, हा माझ्या रक्तातला नवा करार. सही त्यानंच केली आहे, बाई. आपण फक्त घ्यायचं."

गमलिएल मास्तरांनी महाराजांचे पाय धरले. "उठा, भोजनाला चला," महाराज म्हणाले. मास्तर उठले, पण पंक्तीतल्या आपल्या पहिल्या मानाच्या जागेकडे गेले नाहीत. ते दारापाशी आले आणि तान्हाबाईपुढे वाकले.

"बाई, आधी तुम्ही घ्या," ते म्हणाले. "मला नुसतं पाठ होतं."