चाकाला जागा

एकदा एक तरुण आपला ट्रक घेऊन घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या वस्तादांकडे आला. वस्ताद म्हणजे वाहनांचे वृद्ध जाणकार. डोळ्यांना कमी दिसे, पण इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा आजार सांगत. हा तरुण त्यांचा शिष्य. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर जे शिकला ते त्यांच्याच हाताखाली. हात चांगला होता, डोके मात्र तापट. वस्तादांनी हत्यार मागितले की नाव पूर्ण होण्याआधीच उचलून द्यायचा, आणि निम्म्या वेळा चुकीचे द्यायचा.

ट्रक त्याच्या थोरल्या भावाचा होता. भाऊ पावसाळ्यात गेला. या भावांच्या वस्तीच्या वाटेवर नदीवर एक फरशी आहे, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल. त्यावरून येताना पाणी इंजिनात शिरले, ट्रक बंद पडला आणि लोंढ्याने त्याला कडेवरून खाली ढकलले. ट्रक दोन दिवसांनी झाडांत अडकलेला सापडला. भाऊ नदीच्या त्याच्याही खालच्या अंगाला, बऱ्याच अंतरावर सापडला.

तेराव्याचे जेवण उरकले आणि धाकट्याने कुणालाही न विचारता शहर गाठले. ट्रकचे पाटे, म्हणजे गाडी तोलणारी स्प्रिंगची पाती, वाढवून तो वीतभर उंच करून घेतला, आणि मोठी चाके बसवली. पुन्हा कधी पाणी इंजिनाला लागू द्यायचे नाही, एवढे एकच त्याच्या मनात होते.

परत येताना पहिल्याच वळणावर पुढचे डावे चाक मडगार्डला घासले. खर्रर. मग प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात तोच आवाज. आठ दिवसांत रबराचे सोलपट निघाले.

आता ट्रक वहिनींच्या नावावर होता. त्यांनी किल्ली काढून घेतली.

"भावोजी, घाटात हे चाक फुटलं तर? एक गेला, तेवढं पुरे. शनिवारी गिऱ्हाईक येतंय. तोवर आवाज बंद झाला तर गाडी तुमची, नाहीतर ती जाईल."

ही गोष्ट गुरुवारची. तेवढ्यापुरती त्यांनी किल्ली परत दिली. वस्तादांच्या दारात ट्रक उभा करून तरुण म्हणाला, "वस्ताद, पुढं अजून दोन-दोन पाटे टाका. आणखी चार बोटं उचला, म्हणजे लागायचं नाही."

वस्तादांनी चाकाभोवती एक फेरी मारली. मडगार्ड आणि चाक यांच्या मधल्या फटीत मूठ घातली. मूठ सहज गेली.

"इथं तर जागा आहे."

"तेच तर! उभी असताना आहे. चालताना कुठं जाते देव जाणे."

"बरं. ओढ्यावर जा आणि ओली वाळू भरून आण. पोती मोजू नकोस. पाटे सपाट होईपर्यंत भर."

तरुण बघतच राहिला. "वाळू? मी गाडी वर उचला म्हणतोय, आणि तुम्ही खाली दाबायला सांगताय?"

"शहरात ज्यांनी उचलली, त्यांनी वाळू भरली होती का?"

"नाही."

"म्हणून तर तू इथं आलास. जा आता. चहा परत आल्यावर."

तो धुसफुसत गेला. वाळू भरली. ट्रक बसत गेला तसा त्याचा चेहराही उतरत गेला. वस्तादांनी पुढच्या डाव्या चाकाला ओला खडू फासला, अंगणात एक चपटा दगड टाकला, आणि त्याला म्हणाले, "स्टेअरिंग डावीकडं शेवटपर्यंत वळव आणि चाक ह्या दगडावर चढव. हळू. मी पुढं उभा आहे."

तो गाडीत बसला. वस्ताद समोर उभे राहिले, हात हलवून म्हणाले, "येऊ दे... येऊ दे..."

ट्रक एक हात पुढे आला आणि गचकन थांबला. तरुणाने दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला होता. तोंड पांढरे पडले होते.

"काय झालं रे?"

"तो शब्द नका बोलू."

वाहन मागे-पुढे घेताना जगातला प्रत्येक माणूस हाच शब्द बोलतो.  वस्तादांनी नुसत्या हाताने खुणावले. चाक दगडावर चढले. खर्रर. वस्ताद वाकले, मडगार्डच्या आत बोट फिरवले आणि त्याला बोलावले.

"ही बघ खूण. खडू इथंच लागलाय, आतल्या पट्टीला, दीड बोट रुंद. बाकी सगळं कोरडं आहे."

मग त्यांनी पाट्यांखाली लाकडी ठोकळे घालून पुढचा भाग चार बोटे उचलला, खूण पुसली, आणि पुन्हा तेच करायला लावले. भरलेला ट्रक, वळलेले चाक, दगड. खर्रर. खूण पुन्हा त्याच पट्टीला; वळलेले चाक वरून नव्हे, कडेने लागत होते.

तरुणाने पायातली चप्पल काढून भिंतीवर भिरकावली. "मग काय उपयोग? उचला, उतरवा, तेच! विकू दे गाडी. मीच मारलं त्याला, गाडी तरी कशाला ठेवू?"

आणि मग तो जमिनीवर बसून बोलला. महिनाभरात कुणाजवळही न बोललेले.

फरशीच्या कडेला चुना लावलेले, चढत्या उंचीचे पाच दगड आहेत. तिसरा दगड बुडाला की गाडी घालायची नाही, हे वस्तीतले शेंबडे पोरही जाणते. त्या दिवशी भाऊ पलीकडे थांबला होता. धाकटा अलीकडे काठावर उभा होता. फेसात त्याला तिसरा दगड दिसला. किंवा दिसल्यासारखा वाटला. भूक लागली होती, सगळे जेवायचे थांबले होते. त्याने दोन्ही हात उंच करून ओरडून सांगितले, "येऊ दे, दादा, येऊ दे!"

"आणि तो आला," तरुण म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवून आला."

 वस्तादांनी चप्पल उचलून आणली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"पोरा, तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. तू मानणारही नाहीस. दगड नीट पाहायला हवा होता. त्यानंही पाहायला हवा होता. पण आता हे चाक बघ. चाक मोठं आहे, ते काही लहान व्हायचं नाही. तू त्याच्यापासून गाडी वर वर नेतोस. रिकामी आणि सरळ असेतोवर मूठभर जागा दिसते, आणि वाटतं, सुटलो. ओझं आलं, वळण आलं, की चाक पुन्हा तिथंच येऊन टेकतं. उंचीनं घासणं थांबत नाही. ते कुठं घासतं ते आधी पाहावं लागतं, ओझ्यासकट, वळणासकट. मग तेवढ्याच जागी त्याला वाट करून द्यायची. अख्खी गाडी कापावी लागत नाही. दीड बोट लागतं."

तरुणाने बाहीने तोंड पुसले. "मडगार्ड कापायचं? त्यावर दादानं स्वतः पिवळी वेल रंगवलीय."

"वेल बाहेर आहे. आपण आतली पट्टी कापतोय. एखादं पान जाईल."

काम त्यानेच केले. शहरात वाढवलेल्या पाट्यांतला एक काढून टाकला. चाक किती वळावे हे ठरवणारा बोल्ट दोन फेरे बाहेर घेतला. वर आदळू नये म्हणून रबराचा जाड ठोकळा बसवला. शेवटी कातरीने पट्टी कापली. वेलीचे एक पान गेले. ते कापलेले तुकडे त्याने फेकले नाहीत, खिशात ठेवले.

भरलेला ट्रक पुन्हा दगडावर चढला. आवाज नाही. त्याने पुन्हा चढवला. आवाज नाही. तो हसला, मग वळून उगाचच रबरावर हात फिरवत राहिला.

"आणि फरशीवर पाणी असेल तेव्हा?" वस्तादांनी विचारले.

"थांबायचं."

"त्याला उंच गाडी लागते?"

"नाही, वस्ताद."

शुक्रवारी सकाळी ट्रक वस्तीवर आला. वहिनी ओसरीवर होत्या. तो खाली उतरला आणि किल्ली त्यांच्या हातात देताना, मध्ये न थांबता, फरशीवरची गोष्ट सांगून टाकली. मग मान खाली घालून उभा राहिला.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अख्खी वस्ती काठावर होती, भावोजी. तुम्ही हात केलेला सगळ्यांनी पाहिला होता. मला त्याच दिवशी कळलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. तुम्ही घरात पायच ठेवेनात."

"मग तुम्ही मला..."

"रागावले होते. खूप. पण ते एकट्या तुमच्यावर नव्हतं. त्यांनाही घाई असायचीच." त्यांनी डोळे पुसले आणि पदर खोचला. "आता बसा गाडीत. आवाज खरंच गेलाय का बघू द्या मला."

तो बसला. अंगण अरुंद, त्यात गोठ्याचा कोपरा. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवल्याशिवाय ट्रक निघतच नसे. वहिनी समोर जाऊन उभ्या राहिल्या. चाकाकडे पाहत, दोन्ही हात उंच करून, त्या मोठ्याने म्हणाल्या, "येऊ द्या... येऊ द्या..."

त्याचा पाय क्षणभर ब्रेकवर थांबला. मग त्याने तो अलगद उचलला. चाक पूर्ण वळले, कोपरा ओलांडून गेले, आणि कुठेही लागले नाही.

त्या संध्याकाळी गिऱ्हाइकाला निरोप गेला की येऊ नका.

ज्यांच्या घरात दुःखाचे असे मोठे चाक येऊन बसले आहे, त्यांनी त्यापासून वर वर न पळता, ओझे भरूनच एकदा खडू लावून ते कुठे घासते ते पाहावे.