आत कुऱ्हाड नेत नाहीत

“आणि मी हा दगड ओलांडला, तर मला अडवणार कोण, गुरुजी?”

“कोणी नाही.”

“पहारा नाही, खंदक नाही. वेशीची दारं सताड उघडी आहेत.”

“आहेत खरी.”

“मग?”

“मग काय... ओलांड.”

ऑलुसचा पाय जागचा हलला नाही. भांडायला आलेल्या माणसाला होकार मिळाला की त्याची मोठी पंचाईत होते.

हा ऑलुस रोमचा सेनापती. स्पेनात लढून, जिंकून परत आला होता. रोमकरांची रीत अशी, की जिंकून आलेल्या सेनापतीची चार घोड्यांच्या रथातून शहरभर मिरवणूक काढायची. तिची परवानगी द्यायची सिनेटनं, म्हणजे शहरातल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांच्या सभेनं. आणि ती मिळेपर्यंत सेनापतीनं हद्दीबाहेर थांबायचं.

हद्द म्हणजे तरी काय? कोणे एके काळी नांगराच्या तासानं आखलेली रेघ, आणि तिच्यावर मधूनमधून पुरलेले गुडघाभर उंचीचे दगड. पण सेनापतीनं दगडाच्या आत पाऊल टाकलं, की त्याची सत्ता तिथल्या तिथे संपायची. फौज त्याची नाही, मिरवणूक नाही. आत तो तुमच्याआमच्यासारखा.

सिनेटमधल्या वैऱ्यांनी ऑलुसला वसंतापासून झुलवत ठेवलं होतं. आज सभा भरली नाही, उद्या शकुन चांगले नाहीत. आता शरद आला, तिकडची द्राक्षं तोडणीला आली होती. त्याच्या सरदारांनी सकाळीच सांगून टाकलं, “हुकूम द्या, उद्या फौजेनिशी आत शिरू. कोण आडवं येतं ते बघू.”

आपल्याच शहरावर फौज नेण्याचं पाप रोममध्ये तोवर कोणी केलं नव्हतं. म्हणून तर त्यानं गुरुजींना बोलावणं धाडलं. मोठं पाप करायचं असलं की माणसाला आशीर्वाद हवासा वाटतो.

गुरुजींचं नाव अरिस्टॉन. ग्रीसचे, यवन. त्यांचं गाव रोमकरांनी जाळलं आणि त्यांना गुलाम करून आणलं. ऑलुसच्या वडिलांनी मुलाला शिकवायला त्यांना विकत घेतलं, पुढे मोकळंही केलं. आता म्हातारपणी काठी टेकत टेकत ते शहरातून आले होते आणि दगडाच्या आतल्या बाजूला उभे होते. बाहेर ऑलुस, आत गुरुजी. मध्ये हातभर अंतर.

“आम्ही मेंढरं राखणारे लोक,” ऑलुस म्हणाला. “आज सगळा समुद्र आमचा आहे. कशाच्या जोरावर? तलवारीच्या. तुम्हीच शिकवलंत.”

“असं शिकवलं मी?”

“मग कशाच्या जोरावर?”

“तुम्ही राजा हाकललात. त्याच्या जागी दोघं नेमलेत, तेही वर्षापुरते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. तुमच्याकडे राहिल्या... आणि वर्ष सरलं की दोन्ही निमूट बाहेर आल्या.”

“हे पुस्तकातलं झालं.”

“डोळ्यांनी पाहिलेलं सांगू?”

ऑलुसनं मान हलवली.

“ज्या सेनापतीच्या एका शब्दावर माझं गाव जळलं, तो मला पुढल्या वर्षी इथल्या भाजीबाजारात दिसला. घोडा नाही, चोपदार नाही. एका कोबीच्या गड्ड्यासाठी घासाघीस करत होता. बाईनं त्याच्या हातातला गड्डा काढून घेतला आणि म्हणाली, परवडत नसेल तर पुढे हो.”

“आणि तो?”

“पुढे झाला.” गुरुजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “त्या दिवशी मला रोमची पहिल्यांदा भीती वाटली.”

ऑलुस हसला, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. “म्हणजे मी आता कोबी आणायला जाऊ?”

“तुझ्या आईला बरं वाटेल. तिच्याकडे हल्ली कोणी बाजार करणारं नाही.”

“थट्टा नको, गुरुजी. माझ्या फौजेतली पोरं मेली तिकडे. जी राहिली ती माझ्याकडे बघतायत, आणि आतले हे म्हातारे मला दारातल्या भिकाऱ्यासारखं उभं करतात. हा न्याय आहे का?”

“नाही.”

“नाही ना?”

“धडधडीत अन्याय आहे. तुझ्या जागी मी असतो तर मलाही झोप लागली नसती.”

ऑलुसनं मान वाकवली. “मग आशीर्वाद द्या मला.”

गुरुजींनी आशीर्वादाला हात उचलला. दुसऱ्या हातातली काठी सटकली, आणि ते जमिनीवर आडवे झाले. मुद्दाम पडले की तोल गेला, देव जाणे. गुडघा मात्र खरोखर फुटला होता.

ऑलुस पटकन पुढे झाला... आणि त्याचा पाय दगडापाशी अडला.

त्यानं खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग मागे वळून हाक मारली, “गावियुस, उचल त्यांना.”

गावियुस त्याचा चोपदार. रोमच्या चोपदारांच्या खांद्यावर छड्यांची जुडी असे, आणि जुडीत खोचलेली कुऱ्हाड. छड्या फटक्यांसाठी, कुऱ्हाड मुंडक्यासाठी. सेनापतीची सत्ता ती हीच. म्हणून तो जुडी कधी खाली ठेवत नसे.

गावियुस धावत आला. दगडापाशी थांबला, आणि जुडीचा पट्टा सोडू लागला.

“काय करतोस?”

“कुऱ्हाड काढतोय, साहेब.”

“राहू दे ती. आधी त्यांना उचल.”

“आत कुऱ्हाड नेत नाहीत, साहेब.”

हे खरंच होतं. हद्दीच्या आत कोणाही रोमकराचं मुंडकं सेनापतीच्या मर्जीनं उडत नसे. तिथे माणसाला लोकांपुढे दाद मागता येई. पण ही काय ती आठवायची वेळ? म्हातारा माणूस धुळीत पडलेला, आणि हा पट्ट्याची गाठ सोडत बसलाय.

“मी हुकूम देतोय. तशीच घेऊन जा.”

गावियुसचे हात क्षणभर थांबले. स्पेनात ऑलुसच्या एका शब्दावर तो आगीत शिरला होता.

“बाहेर माझी मान मागा, साहेब, देतो,” तो म्हणाला. “आत नाही.”

आणि तो पुन्हा गाठीला लागला. गाठ घामानं आवळली होती, सुटता सुटेना.

हुकूम मोडणाऱ्याला काय शिक्षा, ते दोघांनाही ठाऊक होतं. दगडाच्या अलीकडे ती द्यायचा हक्क ऑलुसला होता. कोणाला विचारायचीही गरज नव्हती. कुऱ्हाड समोर होती, मानही समोर होती. गावियुसनं खाली घातलेली मान वर केली नाही.

ऑलुसनं त्या मानेकडे पाहिलं. मग दूर मैदानात पसरलेल्या तंबूंकडे पाहिलं. तिथे असे किती गावियुस होते, आणि उद्या सकाळी त्यांतले किती या दगडापाशी थांबून गाठी सोडू लागले असते... आणि जे थांबले नसते, ते पुढे कुठे कुठे थांबले नसते...

त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर, आपल्या लोकांचा असा अभिमान त्याला स्पेन जिंकतानाही वाटला नव्हता.

त्यानं खांद्यावरचा लाल झगा सोडला, घडी केली आणि गावियुसच्या हातात दिला.

“साहेब...”

“राहू दे ती गाठ.”

आणि त्यानं दगड ओलांडला.

काहीच झालं नाही. कुठे कर्णा वाजला नाही, कोणी ओरडलं नाही. गावियुस मात्र त्याच्यामागून आला नाही. झगा घेऊन तो बाहेरच उभा राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

ऑलुस खाली बसला. त्यानं गुरुजींना काखेत हात घालून उठवलं, गुडघ्यावरची धूळ झटकली, आपल्या अंगरख्याच्या टोकानं रक्त टिपलं.

“गेलं सगळं, गुरुजी,” तो म्हणाला. “रथ, फौज, सगळं. एका पावलात.”

गुरुजींनी पडलेली काठी उचलली. त्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला. दोघं उघड्या वेशीकडे हळूहळू चालू लागले.

थोडं चालल्यावर ऑलुस थांबला.

“एक सांगा. एवढी फौज माझ्यामागे होती. मध्ये होता तो गुडघाभर उंचीचा दगड. मग इतके दिवस आम्ही बाहेर का उभे राहिलो?”

गुरुजींनी मागे वळून त्या दगडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“आमच्या गावाचा तट,” ते म्हणाले, “फार उंच होता रे...”